बाप्या माणसाचं काम

चैत्र लागला की सोलापुरात सगळंच तापतं. नळाचं पाणी, खिडकीचे गज, स्कूटरची सीट, आणि गेली काही वर्षं मी. कूलरमध्ये नवा वाळा भरला, पहिलं पाणी सोडलं की घरभर तो ओला, मातीसारखा वास पसरतो. बाकीच्यांना त्या वासानं गार वाटतं. मला मात्र माझ्या रेवाच्या जन्मानंतरचा उन्हाळा आठवतो, आणि कपाळाची शीर उडायला लागते.

यंदा ती जरा जास्तच उडाली. गेल्या रविवारी मंगळवेढ्याला माहेरी गेले होते. माझा धाकटा भाऊ विजय, त्याच्या मुलाचं बारसं होतं. त्याच्या बायकोला, शीतलला, आई नाही. म्हणून तिचं बाळंतपण आमच्या आईनंच केलं. घर बायकांनी भरलेलं, पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. पाळण्यात बाळ रडायला लागलं. विजय जवळच उभा होता, त्यानं वाकून उचललं. विजय जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवतो. रडकी पोरं रोज त्याच्या गुडघ्याला लोंबकळत असतात. पण स्वयंपाकघरातून आमची आई ओले हात पदराला पुसत आली आणि म्हणाली, "आण इकडं. तुला न्हाय जमायचं."

त्यानं दिलं. इतक्या सहज दिलं, की जणू चुकून दुसऱ्याची पिशवी उचलली होती आणि पिशवीवाला आला. बायका हसल्या. शीतलनं खाली बघितलं.

"असू दे की त्याच्याकडं," मी म्हटलं.

"अगं, मान धरता येत न्हाय त्याला."

"मग शिकव की."

"बाप्याला काय शिकवायचं असतंय ह्यातलं?"

पुन्हा सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आत्ता तू शिकवायचं नाहीस. आणि उद्या तो पोराकडं बघत नाही म्हणून शीतल रडायला लागली, की तूच म्हणणार, पुरुष असलेच."

हसणं थांबलं. कुणीतरी उगाच पाळण्याची दोरी ओढली. आई माझ्याशी नंतर बोलली नाही, मीही जेवणाचं ताट अर्धं टाकून उठले. एसटी स्टँडवर सोडायला विजय एकटाच आला.

"ताई, कशाला बोललीस? मी नंतर घेतो की त्याला."

"नंतर म्हणजे कधी?"

तेवढ्यात सोलापूरची गाडी लागली. ते 'नंतर' मला चांगलं ओळखीचं आहे. ते कधी येत नाही.

गाडीत बसल्यावर तो एकच शब्द डोक्यात घुमत राहिला. बाप्या. आमच्याकडं पुरुषाला बाप्या माणूस म्हणतात. शब्दातच बाप बसलेला आहे. आणि हाच शब्द वापरून आम्ही बायका बापाला त्याच्या लेकराजवळून उठवतो. हे बाप्याचं काम न्हाय, बाप्याला काय कळतंय, बाप्या माणसानं हितं कशाला थांबायचं. ही वाक्यं रागानं म्हटलेली मी कधी ऐकली नाहीत. ती हसत, कौतुकानं, पुरुषाचे लाड केल्यासारखी म्हटली जातात, त्यामुळं ती बोलणाऱ्याला उलट काही बोलताही येत नाही.

रेवा झाली ती मंगळवेढ्यालाच, फाल्गुनात. ज्वारीची काढणी झालेली, अंगणात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, सगळीकडं त्या कडब्याचा कोरडा गोड वास. माझा नवरा नागेश सोलापुरात नव्या पेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहे. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना नुसतं नागेश लिहिते. दुकान बंद असेल त्या दिवशी तो सकाळच्या एसटीनं यायचा. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुवायचा. मग त्याला बाहेरच्या खोलीत बसवायचे, चहा द्यायचे, शिरा द्यायचे, आणि रेवाला दुपट्यात गुंडाळून आणून दाखवायचे. दाखवायचे, एवढंच. गावातल्या शेजारणींच्या मांडीवर ती तासन्तास असायची. बापाला मात्र लांबून.

"मी घेऊ का?" तो विचारायचा.

"घ्या की जावईबापू, तुमचंच हाय," आई म्हणायची. "पण बसून घ्या. पाठ भिंतीला लावा. मान. मान धरा. तसं न्हाय... द्या, द्या इकडं."

डोक्याला फडकं बांधून, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास घेऊन मी मधल्या दारात उभी राहून हे बघायचे. त्याचा चहा अजून कपात असायचा आणि मूल परत आत गेलेलं असायचं. एकदा संध्याकाळी निघताना तो हळूच म्हणाला, "तिचा एक कान दुमडलेला आहे का गं? मला नीट दिसला नाही." त्याच्या मुलीचा कान. मला तेव्हा रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. राग पुढं आला.

चैत्र सरता सरता मी रेवाला घेऊन सोलापूरला आले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. डोक्यावर थेट गच्ची, म्हणजे दुपारी छतातून ऊन खाली झिरपल्यासारखं वाटतं. घरात आम्ही तिघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. लग्नसराई होती, पण त्या उन्हात भर दुपारी नव्या पेठेत चिटपाखरू नसतं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून नागेश घरी जेवायला यायचा, उन्हं कलेपर्यंत थांबायचा. बाप-लेकीला मिळेल तेवढा वेळ तो हाच.

नागेशचे हात बघण्यासारखे आहेत. साडी गिऱ्हाइकापुढं अशी उलगडतो की काठ बरोबर उजेडात येतो, आणि तशीच परत घडी घालतो, एक सुरकुती नाही. जन्म कापडात गेलेला माणूस. त्यानं पहिल्यांदा लंगोट बांधला तो माझ्यापेक्षा सुबक होता. आत्या आल्या, त्यांनी गाठ सोडली, लंगोट परत बांधला.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं.

"चुकलं न्हाय. पर असं नसतंय."

रोज हेच. त्यानं अंगडं घातलं की त्या काढून घालायच्या. त्यानं पायावर घेतलं की, "पाय किती कडक हायती तुजे, टोचतंय की लेकराला." त्यानं खांद्यावर घेतलं की, "उभं धरू न्हाय अजून." तो दोन्ही हात अधांतरी धरून उभा राहायचा, एखाद्यानं हातातली पेटी अचानक काढून घ्यावी तसा. आत्या वाईट नव्हत्या. रेवाच्या अंगाला तेल लावताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी बघत राहायचे. पण त्या मायेभोवती त्यांनी कुंपण घातलं होतं, आणि त्याच्या बाहेर त्यांचा स्वतःचाच मुलगा उभा होता.

माझेही हात शिवशिवायचे, खोटं कशाला बोलू. रडणारी रेवा माझ्याकडं आली की गप्प व्हायची, आणि सगळे म्हणायचे, तिला आईच लागते. ऐकायला गोड असतं ते. बाळंतिणीला त्या दिवसांत दुसरं गोड असतं तरी काय. शिवाय लेकराला पुरळ उठलं, लेकरू वाळलं, लेकरू रात्रभर रडलं, तर जाब कुणाला विचारतात? बापाला नाही विचारत. जिचा जाब द्यायचा ती गोष्ट बाई दुसऱ्याच्या हातात सुखानं देईल कशी? हे मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही, इतकंच.

मग आंघोळीचं झालं. आत्या शेजारी हळदीला गेल्या होत्या. एरवी त्या वैशाखातही रेवाला कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या, वर शेगडीची धुरी द्यायच्या, आणि ती लालबुंद होऊन किंचाळायची. त्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी नागेशनं तिला आंघोळ घातली. कोमट पाणी, तांब्या हळूहळू रिकामा करत. रेवा रडली नाही. पाय झाडून पाणी उडवत राहिली, आणि नागेश भिजलेल्या बनियनमध्ये नुसता हसत होता. मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होते. त्या उन्हाळ्यातली ती पहिली चांगली सकाळ.

दोन दिवसांनी रेवाला ताप आला, पाठ घामोळ्यांनी भरली. आत्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "बापानं आंगूळ घातली की." बास, एवढंच वाक्य. पुढचं ज्यानं-त्यानं समजून घ्यायचं.

डॉक्टरांनी रेवाच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढून टेबलावर ठेवली. दुपट्याच्या घड्या सोडल्या. म्हणाले, बाळाला उकडतंय हो, दुसरं काही नाही. पातळ सुती कपडे घाला, कोमट पाण्यानं पुसा, धूर बंद करा. मला वाटलं, आता मिटलं. परत येताना रिक्षात आत्या रेवाला छातीशी घट्ट धरून म्हणाल्या, "डाक्टरला काय कळतंय. त्यो बी बाप्याच."

नागेश पुढं रिक्षावाल्याशेजारी बसला होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं मुलीला हात लावणं सोडलं. दुपारी यायचा, जेवायचा, कूलरसमोर चटई टाकून झोपायचा. रेवा रडली की डोळे न उघडता म्हणायचा, "अगं, ती रडतेय." मी विचारलं, तुम्ही का घेत नाही? तर म्हणाला, "घेतली की भांडण होतं. नाही घेतली की घर शांत असतं. मला शांतता बरी."

त्या उन्हाळ्यातला माझा सगळ्यात मोठा राग कुणावर असेल तर तो ह्या वाक्यावर. आत्यांवर नाही, आईवर नाही. हाकललेला माणूस बाहेर किती लवकर बस्तान मांडतो, ते मी बघितलं. सुरुवातीला त्याला लागलं होतं, मला दिसलं होतं ते. पण लागलेल्या जागेवर झोप छान लागायला लागली. थोड्याच दिवसांत तो मित्राला फोनवर हसत हसत सांगत होता, "ते लेकराबिकराचं आपल्याला नाही बाबा जमत." आईनं, आत्यांनी त्याला शिकवलेलं वाक्य आता त्याचं स्वतःचं झालं होतं. आणि ते सोयीचं होतं. आत रेवाला मांडीवर घेऊन, घामानं भिजलेली, मी ते ऐकलं. आमच्या घरातल्या बायकांनी दार लावलं होतं हे खरं. पण पलीकडून त्यानं निवांत कडी घातली होती.

काही दिवसांनी आत्या नातेवाइकांच्या लग्नाला अक्कलकोटला गेल्या. दुपार होती. मी रेवाला पाजलं, निजवलं, नागेशचं जेवण होईपर्यंत थांबले, आणि तिला त्याच्या चटईवर त्याच्या शेजारी ठेवलं.

"मी जरा बाहेर जाऊन येते."

"ह्या उन्हात? कुठं?"

"काम आहे."

"आणि ही उठली तर?"

"तुम्ही आहात की."

दार ओढून घेतलं आणि जिन्यात बसले. कुठं जाणार होते त्या उन्हात. पायरी साडीतून भाजत होती. खालून कुणाच्या तरी मागाची खडखड येत होती, एका लयीत. थोड्या वेळानं रेवा उठली. आधी कुरकुर, मग रडणं, मग तो सूर ज्यानं माझ्या अंगातलं दूध आपोआप वाहायला लागायचं. ब्लाउज भिजला. आतून त्यानं हाक मारली, "अश्विनी." मी ओ दिली नाही. पुन्हा हाक. मी उठले, दारावर हात ठेवला, आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून परत खाली बसले. त्या बसण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. बाळंतपणसुद्धा नाही.

रडण्याच्या मध्ये मग त्याचा आवाज ऐकू आला. आधी नुसतं आलं आलं, थांब थांब. मग काय सुचलं त्याला कोण जाणे, तो दुकानातलं बोलायला लागला.

"बसा ताई, बसा. पाणी देऊ का? काय दाखवू? हे बघा, हा रंग आजच आलाय. पसंत नाही? काठ तर बघा. बरं, राहू द्या, दुसरं दाखवतो. रागावू नका. आपल्याकडं मालाला कमी नाही. हे घ्या, हे हलकं आहे, उन्हाळ्याचं आहे. हात लावून बघा की."

रडणं अडखळलं. पुन्हा सुरू झालं. तो बोलत राहिला. मोराचं, कैरीचं, बुट्ट्याचं, जे माहीत होतं ते सगळं तिला सांगत राहिला. मग नुसते हुंदके, मग उचकी, मग मागाची खडखड तेवढी उरली.

मी पदरात तोंड घालून रडले. आनंदानं रडले असं कुणी समजू नये. राग आला होता म्हणून. हे सगळं ह्या माणसाकडं पहिल्या दिवसापासून होतं. इतके दिवस त्याचं काय केलं आम्ही सगळ्यांनी मिळून?

दार ढकलून आत गेले. चटईभर लंगोट, दुपटी, माझ्या दोन जुन्या साड्या पसरलेल्या. रेवा त्याच्या हातावर पालथी, गाल त्याच्या मनगटावर. तिची मान नीट धरलेली होती. माझ्याकडं न बघता तो पुटपुटला, "हळू. गिऱ्हाईक आत्ताच वळलंय."

आत्या परत आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. "आत्या, आजपासून दुपारची ती त्यांच्याकडं राहील. गाठ सुटली तर सुटू दे, कुणी परत बांधायची नाही."

"आणि लेकराला काय झालं म्हंजी?"

"तर दोघांच्या हातून झालं."

"तुजं पोर हाय. तू बघ," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवस आमच्या घरात भांडी तेवढी बोलत होती. बाहेर नागेशला बायकोच्या मुठीतला म्हणून झालं. दुकानात त्याची थट्टा झाली. तो एकदा तोंड पाडून घरी आला आणि म्हणाला, मी गच्चीवर लंगोट वाळत घालतो ते दिसतं सगळ्यांना, आत दोरी बांधू या का? मी म्हटलं, आत वाळत नाहीत. खरं म्हणजे वाळले असते, सोलापूरचा वैशाख होता. पण मी गच्चीवरच घालायला लावले.

मला गप्प राहायला शिकावं लागलं. त्यानं रेवाला उलटा फ्रॉक घातला तर मी माझ्याच हातांवर बसायचे. उलट्या फ्रॉकमध्ये ती दुपारभर खेळली आणि तिला काहीही झालं नाही. त्याला मऊ भात जमायला वेळ लागला, तेवढा वेळ ती गुठळ्या खाऊन वाढली.

आज रेवा तिसरीत आहे. तिच्या वेण्या नागेश घालतो. माझ्याहून सरळ भांग पडतो त्याचा. गुडघा फुटला की ती त्याच्याकडं पळते आणि गणित चुकलं की माझ्याकडं, असं काहीतरी वाटप तिनंच केलंय. राग मात्र संपलेला नाही. शाळेतून फोन येतो तो, "आईला द्या." पालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एकही बाप नाही, आणि नागेशनं नंबर दिला तर बाई म्हणाल्या, नको, सगळ्या लेडीज आहेत, त्यांना अवघड वाटेल. दवाखान्यात डोस कधी दिला ते तो सांगत असतो आणि नर्स माझ्याकडं बघून लिहून घेते. आणि शेजारणी मला म्हणतात, लई नशीब काढलंस बाई, नवरा किती करतो पोरीचं. मी तेच करते तेव्हा नागेशला कुणी नशीबवान म्हटलेलं मी ऐकलं नाही. बापाला आत येऊ द्यायचं नाही, चुकून आला तर त्याची आरती करायची, आणि नाही आला तर पुरुष असलेच म्हणून मोकळं व्हायचं. ह्यात पोराचं कुणी काही विचारलंय का?

मंगळवेढ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. आत्यांचं वय झालंय, पण चिकाचा हात अजून त्यांचाच. मी पातेलं धरलं होतं, त्या सोऱ्या फिरवत होत्या. ऊन अजून कोवळं होतं.

"का गप हायस? बारशात काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, आईचं वाक्य, विजयनं मूल परत दिलं ते, माझं बोलणं. वाटलं होतं त्या आईचीच बाजू घेतील. त्यांनी एक कुरडई पूर्ण केली, दुसरी सुरू केली.

"नागेश झाला तवा ह्याचे वडील मिलमध्ये हुते," त्या म्हणाल्या. "एकदा पाळी सुटून आले. शर्ट काढून ठिवला भायेर. कापसाची तुसं लागत्याल म्हणून. हात-तोंड धुतलं, आन् म्हणाले, आण जरा त्याला."

मी सासऱ्यांना कधी बघितलं नाही. घरात त्यांची ओळख एकच आहे, की ते कडक होते आणि मुलांना त्यांनी कधी जवळ घेतलं नाही. नागेशही तेच सांगतो.

"मग?"

"म्या दिला. लई ग्वाड धरला हुता त्यांनी. तेवढ्यात माझी सासू आतनं आली, आन् काढून घेतला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्या कशाला बोलू?" आत्यांचा हात सोऱ्यावर थांबला. "मला बरंच वाटलं की. सासूपुढं माजं काय चालत हुतं त्या घरात? म्हणलं, हे एक लेकरू तरी बायकांतच ऱ्हाऊ दे. हे तरी माजं ऱ्हाईल."

चीक निवत चालला होता. पातेलं माझ्या हातात तसंच होतं. एवढ्या वर्षांचा माझा राग कुणाच्या नावावर घालू, मला कळेना. त्यांच्या सासूच्या, त्यांच्या, की त्या बाहेर ठेवलेल्या शर्टाच्या.

"आणि ते काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात. शर्ट घातला, भायेर जाऊन बसले." आत्यांनी सोऱ्या परत फिरवायला घेतला. "परत कवा मागितला न्हाय त्यांनी."